रिलीव्हर आल्याशिवाय

पावणेसहाला फाटकाची कडी दोनदा वाजायची. तिसऱ्यांदा वाजली तर मी अजून तयार नाही असा त्याचा अर्थ, आणि तशी नोंद वहीत पडायची : ‘५.४५. गेट बंद. बाई झोपेत.’ मी झोपेत नसायचे. मी ओट्याशी वडिलांसाठी भाताची पेज गाळत असायचे. पण वहीत लिहिलेलं खोडायची सोय नव्हती. खाडाखोड झाली की लॉगबुक खोटं ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग मी साडेपाचलाच फाटक उघडून ठेवू लागले. तरी कडी दोनदा वाजायचीच. उघड्या फाटकाचीही.

पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, वसाहतीत सेक्टर दोनमध्ये त्यांना सगळे क्रेनवाले काका म्हणत. वय शहात्तर. अंगात धुऊन धुऊन पांढरट झालेला निळा शर्ट, पायांत प्लांटमधले सेफ्टी शूज, डोक्यावर प्लांटमधलंच पिवळं हेल्मेट. खुर्सीपारहून सायकलवर यायचे. सायकलला हेल्मेट लागत नाही हे त्यांना अनेकांनी सांगून पाहिलं होतं.

“डोकं तं तेच आहे ना,” ते म्हणायचे. “प्लांटमधे फुटते आणि रोडवर फुटत नाही, असं आहे का?”

काम काय करायचे, तर म्हाताऱ्यांजवळ बसायचे. आमच्या सेक्टरमध्ये आता म्हातारेच जास्त. मुलं पुण्याला, हैदराबादला, काही देशाबाहेर. क्वार्टरमध्ये उरलेत ते आईवडील, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांतलंही एकच. निवृत्त झालेल्या सात-आठ जणांनी मिळून पाळ्या लावल्या होत्या. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत एक फळा होता, त्यावर खडूने नावं : कोण कोणाकडे, किती ते किती. ज्याला चालता येतं त्याने ज्याला चालता येत नाही त्याच्याजवळ बसायचं, एवढाच नियम. बसणं, उठवणं, न्हाणीपर्यंत नेणं, खाऊ घालणं, बोलणं, आणि समोरच्याला बोलायचं नसलं तर गप्प राहणं. औषध, इंजेक्शन, मलमपट्टी यांतलं काही नाही. “दवाई आपला डिपार्टमेंट नाही,” काका पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. बदल्यात ते एक कप चहा आणि घरच्यांचं वाचून झालेलं वर्तमानपत्र घेत. फळ्यावर सगळ्यात जास्त पाळ्या त्यांच्याच नावावर असत. कोणी म्हटलं, काका, आता तुमचंच वय झालं, घरी बसा, तर ते त्या माणसाकडे असं पाहत की तो पुन्हा म्हणत नसे. एकदा मात्र मला म्हणाले होते, “फळ्यावरून नाव पुसलं ना बाई, का मी कोणाचाच नाही रायलो.”

दयामाया हा त्यांचा विषय नव्हता. पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेल्यापासून दुपारी चारच्या सुमारास रडायला लागत, त्या दिवे लागेपर्यंत. पाळीवर आलेल्या बायका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत आणि स्वतःही रडत. काकांची पाळी लागली त्या दिवशी त्यांनी त्या घरातलंच गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं.

“मॅडम, चार ते सव्वाचार. मी बाहेर उभा आहो. मंग चहा.”

मॅडम इतक्या संतापल्या की त्या दिवशी रडल्याच नाहीत. पुढे मात्र त्यांनी वेळ पाळायला सुरुवात केली. त्या वारल्या तेव्हा त्यांच्या मुलाने ते घड्याळ काकांना देऊ केलं. “चालू आहे का?” काकांनी विचारलं. मुलगा म्हणाला, बंद आहे. “मंग काय करू?” म्हणून त्यांनी परत दिलं.

परदेशातल्या मुलांचे व्हिडिओ कॉल यायचे, तेव्हा फोन धरून बसायचं कामही त्यांच्याकडे असे. चौकशा संपत आल्या की ते मधेच डोकं घालून विचारायचे, “तुमची शिफ्ट कधी?” मुलं हसत. त्यांना वाटे, म्हातारा नोकरीबद्दल विचारतोय.

माझ्या वडिलांना उजव्या अंगाला लकवा झाला तेव्हा आमचं घर रुआबांधात होतं. मी तिथून उठून वडिलांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले; नवरा संध्याकाळी जेवायला यायचा. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. सकाळी सव्वासहाला निघायचं, दोनला परत. मधले आठ तास कोणीतरी हवं होतं. मी विहारातल्या फळ्यापाशी जाऊन चौकशी केली. काका तिथेच होते. वडिलांचं नाव ऐकल्यावर त्यांनी खडू घेतला आणि दुसऱ्या दोन घरांतलं आपलं नाव पुसलं.

“तो माहा रिलीव्हर आहे,” ते म्हणाले.

हे सांगायला हवं. प्लांटमध्ये माझे वडील आणि ते एकाच क्रेनवर होते. वितळलेल्या पोलादाची खोलीएवढी बादली उचलणारी क्रेन. पण एकाच क्रेनवर म्हणजे एकत्र नव्हे. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. पाळ्या आठवड्याला बदलत, जोडी तीच. खालून लोखंडी जिना चढून केबिनमध्ये यायचं, आधीच्याकडून चार्ज घ्यायचा, मग त्याने उतरायचं. वर कोणी आल्याशिवाय आधीच्याने खाली उतरायचं नाही. बादली हवेत असताना केबिन रिकामी राहिली तर खाली काय होईल ते कोणाला सांगावं लागत नसे. तर बावीस वर्षं ही दोन माणसं रोज दहा मिनिटं भेटली. त्या दहा मिनिटांत बोलणं ठरलेलं : दोर, ब्रेक, हूक. ते ‘जयभीम’ म्हणायचे, वडील ‘राम राम’ म्हणायचे, आणि एक जण जिना उतरायचा.

आणखी एक. उतरायच्या आधी काका डब्यातलं उरलेलं तिथेच दोन घासांत संपवायचे आणि वडिलांना विचारायचे, “घेता का?” वडील म्हणायचे, “घरून खाऊन आलो.” बावीस वर्षं रोज. आम्ही भंडाऱ्याकडचे कुणबी, ते विहारात जाणारे. वडील हे घरी येऊन सांगायचे, आणि असं का म्हणता हे आमच्याकडे कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

आता लकव्याने पडलेल्या माझ्या वडिलांना तेच काका चमच्याने पेज भरवत. माझ्या हातची. स्वतःचा डबा मात्र व्हरांड्यात जाऊन खात. मी एकदा म्हटलं, “काका, आत बसून खा की.”

“मी इचारतो ना त्याले रोज,” ते म्हणाले. “तो नाही म्हणते. मंग बाहेर खातो. आदत आहे.”

वडिलांना उठवायची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. बोलत नसत. क्रेनला खालचा माणूस जशा हाताच्या खुणा करतो तशा करत : तळवा वर, बोटं हळू हलवत, म्हणजे उचल, पण हळू; मूठ मिटली, थांब; हात आडवा, आता सरक. वडिलांचं बोलणं जड झालं होतं, पण त्या खुणा त्यांना लगेच कळत. मी ‘बाबा, उठा, डावीकडे, अहो डावीकडे’ असं घसा फोडून जे करत असे, ते या दोघांत आवाज न होता व्हायचं. कुठलीही गोष्ट वडिलांच्या तोंडाला लावण्याआधी काका तिला हाताची पालथी बाजू लावून पाहत. पाणी, पेज, उन्हाळ्यातली खुर्ची. तळव्याने गरम वस्तू पाहायची नाही, तळवा भाजला तर काम बंद.

दोन वाजता मी आले की चार्ज. दाराशी दोऱ्याने वही आणि पेन्सिल टांगलेली. ते ताठ उभे राहून सांगत : “दोर ठीक. ब्रेक ढिले, दोनदा कपडे बदलले. हूक कालच्यापेक्षा बरा.” दोर म्हणजे हात-पाय, ब्रेक म्हणजे लघवी, हूक म्हणजे मान. पहिले काही दिवस मला हसू यायचं, पुढे कंटाळा. मला उन्हातून आल्यावर पाणी हवं असायचं, भात लावायचा असायचा, शाळेतल्या दोन पालकांचे फोन राहिलेले असायचे. मी चप्पल काढता काढता सही करायचे. “काका, कळलं, कळलं.” ते म्हणत, “पुरं ऐकून घ्या, बाई.” मी म्हणे, “ऐकलं.” सही झाल्याशिवाय ते हलत नसत. एकदा शाळेत अडकून मला सव्वाचार झाले. ते दारातच उभे होते. बसले का नाही विचारलं तर म्हणाले, “बसलो तं झोप लागन.”

मला ही शिस्त नसून हट्ट वाटायचा. तसं मी एकदा वडिलांसमोर बोलून दाखवलं. मग एकेक शब्द काढत त्यांनी जे सांगितलं ते मी पन्नाशी ओलांडून पहिल्यांदा ऐकत होते.

एका उन्हाळ्यात काकांची सकाळची पाळी होती, सहा ते दोन. दोनला वडिलांनी जायचं होतं. वडील त्या दिवशी गावी पुतण्याच्या साक्षगंधाला गेले. कोणाला सांगितलं नाही. एक दिवस कोणीतरी चालवून घेईल असं वाटलं. कोणी मिळालं नाही. काका दोनच्या ऐवजी रात्री दहापर्यंत वरच बसून राहिले. घरी त्यांच्या बायकोला तीन दिवसांचा ताप होता. ती संध्याकाळी गेली. घरात एकटी होती.

“मग?” मी विचारलं.

“मंग पाचव्या दिवशी आला ड्यूटीवर. मी वर होतो. मले म्हणे, दोर ठीक? म्या म्हटलं, ठीक.”

“एवढंच?”

“चार्ज देता-घेता काय बोलन माणूस? दहा मिनिटं रायते.”

“पण नंतर कधीतरी माफी—”

“नंतर कधी?” वडील म्हणाले. “बाकी टाइम तो वर, मी खाली. नाहीतं मी वर, तो खाली.”

वडिलांनी हे सांगितलं त्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेत परीक्षा होती, मला लवकर मोकळीक मिळाली. अकराला घरी आले. फाटकातच जळका वास आला. खिडकीतून आत वडिलांचा आवाज येत होता, जड, पण चिकाटीचा.

“चष्मा खिशात पाह्य. नाही, वरच्या. हं. घातला? आता सांग, आज काय वार?”

“सोमवार.”

“बुधवार. राहू दे, आण वही इकडं. मी लिहितो.”

मी आत धावले. गॅसवर दुधाचं पातेलं काळं होऊन बसलं होतं. गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत आले, तर काका उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“रिलीव्हर दोनले येते,” ते नम्रपणे म्हणाले. “तुम्ही कोण, बाई?”

वडिलांनी डाव्या हाताने मला खूण केली. मूठ मिटलेली. थांब.

मी थांबले. दोन वाजेपर्यंत स्वयंपाकघरात पातेलं घासत थांबले. दोनला बाहेर जाऊन पुन्हा आत आले. काकांनी चार्ज दिला, मी सही केली, ते हेल्मेट घालून गेले. मग मी वडिलांना सांगितलं, “सोमवारपासून त्यांना नको.”

“कावून?”

“घर पेटलं असतं, बाबा.”

“पेटलं नाही.”

“त्यांना वार समजत नाही!”

“मले समजते ना. दोघांत एकाले समजलं, बस झालं.”

“मग कोण कोणाला सांभाळतंय इथे?”

“हळू बोल,” वडील म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. “पोरी, लकवा झाल्यापासून मले कोणी एक काम सांगतलं? चमच्यानं खा. झोप. मूत. तो येते तं मले काम रायते. त्याचा चष्मा शोधा, त्याले वार सांगा, वही लिहा. त्याले काढलं तं माहं काम जाईन.” मग श्वास घेऊन, “आणि फळ्यावरून एकदा पुसला का त्याले घरी बसवतीन. मंग किती दिवस काढन तो? एक डाव मी त्याले वर ठेवून गेलो. आता नाही जात.”

मी वाद घालत बसणारी बाई नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत टाकून शाळेत न्यायला लागले. चहा थर्मासमध्ये. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगून दहाला एक चक्कर, बाराला एक. फळ्यापाशी मी कोणाला काही बोलले नाही. वही आता वडील डाव्या हाताने लिहितात हे मला कळलं होतं. काय लिहितात ते मी तरीही वाचलं नाही.

असे पाच महिने गेले. आता मागे पाहिलं तर ते पाच महिने बरे होते म्हणायचे. वडिलांचं बोलणं सुधारलं. दिवसभर कोणाला तरी आठवण करून द्यायची तर बोलावं लागतंच.

मार्चमधला एक दिवस. मी दोनला आले. काका दाराशी ताठ उभे. “दोर ठीक. ब्रेक ठीक, आज कपडे बदलले नाही. जेवण झालं. झोपला आहे.” माझा फोन वाजत होता. मी फोन कानाला लावून सही केली. ते म्हणाले, “पुरं ऐकून घ्या, बाई.” मी हाताने त्यांना ‘हो, हो’ केलं. ते गेले. मी फोन संपवला, कुकर लावला, घडी घालायचे कपडे घेऊन वडिलांच्या खोलीत गेले. पाऊण तास तरी झाला असेल. घड्या घालून झाल्यावर मी त्यांची चादर सारखी करायला वाकले.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेलेत, दीड-दोन तास झाले असावेत.

रडणं वगैरे मी त्या दिवशी केलं नाही. करायची कामं होती. राग मात्र होता, आणि तो दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कडी दोनदा वाजल्यावर बाहेर पडला. घरात पाहुणे झोपलेले. मी फाटकाशी गेले.

“काका, काल तुम्ही म्हणालात झोपलेत. ते झोपलेले नव्हते. तुम्ही बाजूला बसून होतात. तुम्हाला कळलं नाही?”

त्यांनी हेल्मेट काढलं. त्या दिवशी त्यांना मी कोण ते नीट ओळखू येत होतं.

“चार्ज देला होता तुले,” ते म्हणाले. आवाजात टोमणा अजिबात नव्हता. ते खरोखर आठवून पाहत होते. “सही आहे तुही.”

सही होती. दिवसकार्य झाल्यावर मी वही उघडली. पहिल्या पानांवर काकांचं ठसठशीत अक्षर, नंतर वडिलांचं डाव्या हाताचं, वर चढत जाणारं. मधल्या वेळेची एक ओळ प्रत्येक दिवशी सारखी : ‘१२.३०. डबा. विचारलं. नाही म्हणाले.’ अक्षर बदललं तरी ओळ तीच : ‘१२.३०. डबा. विचारलं. नाही म्हटलं.’ पान उलटा, तीच. शेवटच्या दिवशी : ‘१२.३०. डबा. मी मागितला. वांगं. मीठ कमी.’ त्याच्या खाली काही नाही. त्याच्या खाली माझी सही.

क्वार्टर प्लांटचं, आवरून परत करायचं होतं. आवराआवरीचे जवळजवळ तीन आठवडे मी तिथेच राहिले, आणि काका रोज येत राहिले. पहिले तीन दिवस मी सांगितलं, “काका, बाबा गेले.” ते हेल्मेट काढत, तसेच उभे राहत आणि विचारत, “केव्हा?” तिन्ही दिवस त्यांचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखाच झाला. चौथ्या दिवशी मी सांगणं बंद केलं. एकाच माणसाला एकच बातमी रोज नव्याने देण्यात अर्थ नाही. मी चहा देऊन म्हणायचे, “आज तुमचा ऑफ आहे.”

“मंग माह्या जागी कोण?”

“मी.”

“तू जनरल शिफ्टची, ऑफिसवाली,” ते कुरकुरत, पण जात. एव्हाना सायकल बंद झाली होती, पायीच.

मग मी रुआबांधाला परतले. क्वार्टरला कुलूप. चावी परत करायची होती त्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्या सुनेचा फोन आला. “ताई, बाबूजी सुबह से उधर ही बैठे हैं. मैं लेने आई हूँ, उठते ही नहीं. बोल रहे हैं, रिलीव्हर नहीं आया.”

मी गेले. प्लांटचं ऑफिस पाचला बंद व्हायचं, चावी त्याआधी पोचायला हवी होती. सून फाटकाशी स्कूटी लावून उभी होती, डोळे सुजलेले. काका पायरीवर, हेल्मेट मांडीवर. पायरी उन्हाने तापली होती. मी हाताची पालथी बाजू लावून पाहिली आणि शेजारी बसले.

“मी आले, काका. चार्ज द्या.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “लेट.”

“हो. लेट झाला.”

“पुरं ऐकून घे.”

“सांगा.”

“दोर ठीक. ब्रेक ठीक. जेवला.”

“काय जेवला?”

असं मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “माह्या डब्यातलं मांगलं त्यानं. सोतः. वांग्याचं होतं. मीठ कमी म्हणे.”

“होतं का कमी?”

“बराबर होतं. काही तरी बोला लागते, म्हणून बोलला.” त्यांनी मांडीवरचं हेल्मेट सरळ केलं. “मंग झोपला. म्या हालवला नाही.” बंद दाराकडे पाहत त्यांनी विचारलं, “हालवाले पायजे होता का?”

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर केलं.”

वही माझ्या पिशवीत होती. रद्दीत टाकायची राहिली होती, एवढंच. मी कोरं पान काढलं, त्यांनी तारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी ‘चार्ज दिला’ असं लिहिलं. अक्षर अजून ठसठशीत होतं. मी सगळं वाचून सही केली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. सुनेने स्कूटी स्टँडवरून काढली.

दोन पावलं जाऊन ते थांबले. “तुह्यानंतर कोण?”

“म्हणजे?”

“तुले सोडवाले कोण येऊन रायलं? नाव सांग.”

“येईल कोणीतरी, काका.”

“कोणीतरी हे नाव नाही.”

माझी मुलगी हैदराबादला असते. नवऱ्याला साखर आहे आणि गुडघे गेलेत. “पाहू,” मी म्हटलं.

ते परत आले आणि पायरीवर बसले. हेल्मेट पुन्हा मांडीवर. “मंग तू जाय. मी थांबतो.”

“अब क्या हुआ?” सून फाटकातून ओरडली.

चार वाजून गेले होते. मला पहिलं जे सुचलं ते नाव मी सांगितलं. माझ्या वडिलांचं.

त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि हेल्मेट डोक्यावर चढवून हनुवटीखालचा पट्टा लावला.

“मंग ठीक,” ते म्हणाले. “तो येते. एक डाव फक्त नाही आला.”

ते स्कूटीवर मागे बसले. मला पाचच्या आत चावी द्यायची होती. पण मी पायरीवर बसून राहिले. ते वळणापर्यंत मागे वळून पाहत होते, मी जागा सोडली असती तर त्यांना दिसलं असतं.